डेंगळ्यातलं पाणी

परदेशी जाणाऱ्या माणसांना शहाणपण शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम. आमच्या ओरुरोहून खाली चिलीत आरिकाला जाणाऱ्या बसवर मी तिकिटं बघते, चहा देते, खिंड चढताना ज्यांना ओकारी येते त्यांना पिशव्या देते आणि सीमा जवळ आली की मधल्या वाटेत उभी राहून बोलते. इतकी वर्षं तेच बोलतेय की झोपेतही बोलते, असं माझा नवरा म्हणतो. ऐकत मात्र कोणी नाही. पालथ्या घड्यावर पाणी घालायचा पगार मिळत असेल, तर तो मलाच मिळतो.

त्या दिवशी पहिली नोव्हेंबर होती, मेलेल्यांचा सण. बस रात्रभर चालून पहाटे वर पोचली होती. आमची माणसं आरिकाजवळच्या आसापा खोऱ्यात टोमॅटोच्या, ऑलिव्हच्या मळ्यांत राबतात आणि काही तिथेच मरतात. त्यामुळे या दिवशी अर्धी बस कबरस्तानात निघालेली असते. सगळ्यांच्या मांडीवर पावाच्या बाहुल्या, ज्याचा जो गेला त्याच्या नावाची एकेक, कापडात गुंडाळलेल्या. काचांवर आतून बर्फ धरलं होतं.

"ऐका," मी म्हटलं. "फळ, बी, पान, मूळ, चीज, मध, जे जमिनीतून नाहीतर जनावरातून निघतं आणि शिजलेलं नाही, ते एकतर आत्ता खा, नाहीतर फॉर्मवर 'आहे' म्हणून लिहा. लिहिलं तर काढून घेतात आणि तुम्हाला सोडतात. लपवलं तर दंड आहे. तो भरला की सहा महिने नुसतं पीठ उकळून प्यावं लागेल. भाजलेला पाव चालतो, पावाची काळजी नको. दुसऱ्याचं सामान हातात धरायचं नाही. तो देवमाणूस असला तरी नाही. डॉलर बदलायचे असतील तर थोडेच बदला, खाली आरिकात भाव बरा मिळतो. खिंडीतल्या बायकांपुढे फाटकी नोट तर काढूच नका. खिडकीवर विचारतील, कुठे, कोणाकडे, किती दिवस, पैसे किती. एका प्रश्नाला एक उत्तर, गोष्ट सांगत बसायचं नाही. पैसे घागऱ्याच्या काठात शिवले असतील तर आत्ताच उसवा. साहेबांपुढे घागरा वर करायचा नाही."

मागे कोणीतरी हसलं. दरवेळी तिथेच हसतात.

"आणि घड्याळं एक तास पुढे करा. तिकडे सगळं आपल्या आधी होतं."

"सगळं?" पुढच्या बाकावरून आवाज आला. "बारासुद्धा?"

सातुर्निना आजी होती ती. सकाळपासून तिने माझ्याशी तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावर काळी गोल हॅट, पाठीवर रंगीत गाठोडं, ते तिने रात्रभर उतरवलं नव्हतं. ती सहामा डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून कळपातला एक लामा विकून आली होती, एवढं मला तिकीट बघतानाच कळलं होतं. पोराची कबर पहिल्यांदा बघायला चालली होती.

"बारासुद्धा, आजी. तिकडे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे अकराच झालेले असतात."

तिचा चेहरा पडला. "मग माझा वेन्सेस कुठल्या बाराला येईल?"

मेलेला माणूस पहिल्या तारखेला दुपारी बाराला घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तो आला आणि ताट मांडलेलं नसलं तर उपाशी जातो आणि वर्षभर भटकतो. पहिलं वर्ष तर चुकवायचंच नसतं. वेन्सेसचं हे पहिलंच वर्ष. तो आसापात टोमॅटोच्या मळ्यात ट्रॅक्टरखाली गेला. आजीला निरोप पोचेपर्यंत त्याला पुरूनही झालं होतं. आठव्या दिवशी सोबतच्या मजुरांनीच त्याचे कपडे धुतले आणि जाळले, म्हणजे ते त्याला पोचावेत.

"कपडे पोचले असतील," ती म्हणाली, "पण पाण्याचं कोणी काही केलं नाही. तो मुलूख नुसता वाळू आहे, असं सगळे सांगतात."

"आजी, आधी आपण पोचू या. मग त्याचं बघू."

मी हे जरा फटकारूनच म्हटलं. माझ्या नाकावर राग असतो, त्यात खिंडीत डोकं दुखतं. शिवाय मनात मी हिशेब केला होता. तिकडच्या घड्याळाने नाका उघडायच्या वेळी आपण पहिले असलो आणि काही अडलं नाही, तर उतार उतरून दुपारपर्यंत खाली पोचणं जमण्यासारखं होतं. एका जरी माणसाचं सामान अडलं तरी नाही. अडलेल्या माणसाला टाकून बस पुढे जात नाही, तसा नियमच आहे.

आजीच्या शेजारी एक परदेशी मुलगी बसली होती, मेरेता नावाची, डेन्मार्कची, उंच, पिवळ्या भुवयांची. रात्री तिला वरच्या हवेने ग्रासलं होतं. तेव्हा आजीने तिच्या तोंडात कोकाची पानं कोंबली, तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळले. सकाळपर्यंत दोघींचं गूळपीठ जमलं होतं. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी खुसुरफुसुर चालू होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नाक्यावर उतरलो तेव्हा वारा असा होता की आजीची हॅट मी हाताने दाबून धरली. पैसे बदलणाऱ्या बायका लगेच गोळा झाल्या. मेरेताने एक वीसची नोट काढली, तिच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर होती.

"ही ने परत तुझ्या आईकडे," बाईने नोट तिच्या हातात ठेवली. "इथे फाटकं फक्त नशीब चालतं."

मी म्हटलं, "सांगितलं होतं ना?" मुलगी हसली. तिला वाटलं मी तिची विचारपूस करतेय.

पहिली खिडकी पोलिसांची. आजीने घागऱ्याचा काठ दातांनी उसवून पैसे मुठीत घेतले होते. मी तिच्या मागेच उभी राहिले आणि कानात पुन्हा घोकून घेतलं. "कोणाकडे? तर पुतणीकडे. पत्ता या कागदावर. किती दिवस? तर तीन. बस."

खिडकीतल्या माणसाने ओळखपत्र बघितलं. "कशासाठी चाललात?"

"मुलाला भेटायला," आजी म्हणाली.

मी डोळे मिटले.

"मुलगा कुठे राहतो?"

"आसापाच्या कबरस्तानात."

"तिथे कामाला आहे?"

"नाही. तिथेच असतो." तिने जरा विचार केला. "म्हणजे आज दुपारी येईल आणि उद्या दुपारी जाईल. तोपर्यंत मी आहे."

खिडकीतल्या माणसाने हातातलं पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं की काम लांबणार, हे मला पाठ आहे. मी पुढे होऊन कागद सरकवला. "साहेब, मुलगा वारलाय त्यांचा. पुतणीकडे उतरणार आहेत, हा पत्ता, हा तिचा नंबर. तीन दिवस."

"तुम्हाला विचारलं नाही. पैसे दाखवा, आजी."

तिने मूठ उघडली. चिलीच्या नोटा होत्या, घडी पडून पडून मऊ झालेल्या.

"हे पेसो तुमच्याकडे कुठून आले?"

"त्यानेच पाठवले होते. दर महिन्याला. आमच्याकडे वस्तीवर हे कोण घेतो? ठेवले तसेच. आता त्याच्याच गावात खर्च करीन."

त्या माणसाने नोटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग शिक्का मारला. मी सुटकेचा श्वास टाकला. आता फक्त सामानाची तपासणी राहिली होती आणि आजीच्या गाठोड्यात काय होतं हे मी बसमध्येच विचारून घेतलं होतं. पावाची बाहुली, पावाची शिडी, उकडून वाळवलेले बटाटे, एक बाटली पाणी. सगळं चालणारं. फॉर्मही मीच भरून दिला होता.

सामान तपासायची शेड लांबलचक आहे. एका टोकाला टेबल, टेबलाच्या अलीकडे जमिनीवर पिवळी रेघ, रेघेच्या अलीकडे आमची रांग. हिरव्या जाकिटातला तपासनीस कुत्र्याला घेऊन रांगेच्या शेवटापासून पुढे येत होता. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, चोके. म्हणजे आमच्याच जमातीचा, सीमेच्या तिकडच्या गावचा. याचा मला आनंद झाला नाही. आपल्या आडनावाचे तपासनीस सगळ्यांत कडक. कोणी बोट दाखवू नये म्हणून ते स्वतःच्या मावशीचीही पिशवी दोनदा उलटी करतात.

पिवळ्या रेघेजवळ खांबावर पाटी आहे. सामान टेबलावर ठेवेपर्यंत फॉर्म दुरुस्त करता येतो, त्यानंतर नाही. ती पाटी मी कधी वाचून दाखवत नाही. माझ्या प्रवाशांना त्याची गरज पडू नये असं मला वाटतं.

आजी रांगेत माझ्या पुढे होती. तिचं लक्ष तिच्या गाठोड्याकडे नव्हतं. ती दोन माणसं पुढे बघत होती, मेरेताच्या पाठीकडे. एकसारखी. मांजर दुधाच्या भांड्याकडे बघतं तशी. मी पण बघितलं. मुलीच्या उंच बॅगेला अंथरायची चटई गुंडाळून बांधली होती आणि चटईच्या वरच्या टोकाला एक लोकरी टोपी चढवली होती. टोपी का? मुलीचे कान तर थंडीने लाल झाले होते.

वाऱ्याने टोपी जराशी सरकली. आतून पांढरट गोंडा दिसला.

कांद्याचा डेंगळा. बी धरायला आलेला, हातभर लांब, आतून पोकळ, वर चेंडूएवढा गोंडा. आमच्याकडे ताटाजवळ तो उभा करतात. त्या पोकळ दांड्यात पाणी भरून मेलेला माणूस परतीच्या वाटेला लागतो. त्याची पाण्याची बाटली म्हणा. आणि त्या नाक्यावर मातीतून निघालेल्या सगळ्या गोष्टींत त्यांना ज्याची सगळ्यांत धास्ती, ते म्हणजे बी.

मी आजीच्या दंडाला धरलं. "ते तुझं आहे?"

तिने त्या टोपीवरून नजर हलवली नाही.

"आजी, तुला विचारतेय. त्या पोरीच्या चटईत तू घातलंस?"

"तिनेच घेतलं," ती हळूच म्हणाली. "मी खुणेने सांगितलं, माझं काढून घेतील. तिने खुणेने सांगितलं, दे. गोऱ्यांच्या पिशव्या कुठे उघडतात?"

"कुत्र्याला गोरं-काळं कळत नाही!"

"हळू बोल."

"हळू काय? तिने फॉर्मवर 'काही नाही' असं लिहून सही केलीय. सापडलं तर तिला दंड होईल, तिची वर्षाची पुंजी जाईल. आपली बस इथे संध्याकाळपर्यंत उभी राहील. मग तू गाठ बारा. त्यांचे गाठ नाहीतर आपले गाठ. आसापात कांदे पिकत नाहीत का? तिथे घेतला असतास एक."

आजीने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "तिथेच मेला ना तो? वर्ष होत आलं, त्यांच्या मातीत पडलाय. हा कांदा त्याने लावला होता, गेल्या वेळी घरी आला होता तेव्हा. म्हणाला, आई, हा उपटू नकोस, बी धरू दे, पुढच्या वेळी येऊन आणखी लावतो. मी उपटला नाही." तिचा आवाज बसला. "मला दुसरं काय द्यायचंय त्याला?"

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, आणि तो जायची ती वेळ नव्हती. कुत्रं आमच्या मागच्या पाचव्या माणसापर्यंत आलं होतं.

मी रांगेतून बाहेर पडून मेरेताकडे गेले. "ते बाहेर काढ. आत्ता. साहेबांना दे."

तिला कळलं मी काय म्हणतेय. ती लालबुंद झाली, पण मान हलवली. "आजी... मी वचन," ती म्हणाली. "माझी बॅग, कोणी नाही बघत. ठीक."

"ठीक नाही. कुत्रा. दंड. पैसे, पुष्कळ."

"मी वचन," ती पुन्हा म्हणाली आणि हाताने टोपी खाली दाबली. ही माझी परदेशी पाहुणी. जिला मी सांगितलं होतं की दुसऱ्याचं काही हातात धरू नकोस, देवमाणूस असला तरी.

"बाई, रांगेत," चोके लांबून ओरडला. "कर्मचाऱ्यांनी प्रवाशांच्या सामानाला हात लावायचा नाही."

मी परत जागेवर आले. मी स्वतः जाऊन सांगू शकत होते. चोकेला दोन शब्द सांगितले असते की मामला मिटला असता. पण मग ती चुगली झाली असती, दुरुस्ती नाही, आणि पाटीवर दुरुस्तीचं लिहिलंय. ज्याचं आहे त्यानेच बोलायला हवं होतं. मी फक्त आजीकडे बघत राहिले.

मेरेताच्या पुढचा माणूस टेबलावरून सुटला. टेबलामागच्या बाईने मुलीला हाताने बोलावलं. मुलीने पिवळी रेघ ओलांडली, बॅगेचे पट्टे खांद्यावरून उतरवले. मागून कुत्र्याची नखं फरशीवर वाजत होती. कुत्रं माझ्या पायाजवळ आलं, मला हुंगलं, आजीचं गाठोडं हुंगलं आणि सोडून दिलं. त्याने मान वर केली, नाक वाऱ्यावर धरलं आणि सरळ टेबलाच्या दिशेने ओढ घेतली.

मुलीने बॅग उचलली. ती टेबलावर ठेवायला हात पुढे केले.

"ठेवू नको," आजी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. ती रांग सोडून पुढे गेली, पिवळी रेघ ओलांडली, आणि दोन्ही हातांनी ती बॅग मुलीसकट मागे ओढली. कुत्रं येऊन बॅगेपुढे खाली बसलं. सापडलं की ते असं बसतं, भुंकत नाही.

"रेघेच्या मागे व्हा," चोके म्हणाला. "मागे व्हा, आजी."

"ते माझं आहे."

"काय तुमचं आहे?"

तिने टोपी काढली. गोंडा वाऱ्यात हलायला लागला. "हे. पोरीचा काही दोष नाही. मीच तिच्या गळ्यात घातलं."

चोकेने मेरेताच्या हातातला फॉर्म घेतला, वाचला. "इथे 'काही नाही' लिहिलंय. खाली सही आहे."

"बॅग टेबलावर ठेवली नाही अजून," मी रेघेच्या मागूनच म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "पाटी बघा, साहेब. तुमचीच आहे."

"पाटी मला माहीत आहे."

तो बॅगेकडे बघत राहिला. बॅग आजीच्या आणि मुलीच्या हातात लोंबकळत होती, टेबलापासून वीतभर लांब. टेबलामागची बाई त्याच्याकडे बघत होती, रांग त्याच्याकडे बघत होती. बाहेर आमचा ड्रायव्हर प्रिमितिवो हॉर्न वाजवत होता. त्याला काय, तो बसमध्ये पाव चघळत बसला होता. बॅगेचं वजन मुलीला पेलवत नव्हतं, पण ती खाली ठेवायलाही घाबरत होती.

"फॉर्म बदला," शेवटी चोके म्हणाला. "दोघींनीही. मुलीने 'आहे' लिहायचं. आजी, तुम्हीही. आणि ते इकडे द्या."

मी रेघ ओलांडून फॉर्म भरून घेतला, मुलीची सही घेतली, आजीचा अंगठा घेतला. मग चोकेने हात पुढे केला.

आजीने डेंगळा दिला नाही. तो तिने छातीशी धरला होता, दोन्ही हातांनी.

"आजी," मी म्हटलं, "आता तरी सोड. वेळ जातोय."

"तुम्ही याचं काय करता?" तिने चोकेला विचारलं.

"नष्ट करतो."

"म्हणजे फेकता? कुत्र्यापुढे टाकता?"

"नाही." त्याच्या आवाजात आता कंटाळा होता. दिवसातून कितीदा सांगावं लागत असेल. "फेकलं तर बी रुजतं. मागे भट्टी आहे. जाळतो."

आजी थबकली. "जाळता?"

"हो."

"सगळं? म्हणजे दांडासुद्धा?"

"राख उरते फक्त. काळजी करू नका, तुमचा कांदा कोणी खात नाही."

रांगेत दोघं-तिघं हसली. आजी हसली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, ते मी बघितलं आणि मला ते कळायला एक क्षण लागला. आठव्या दिवशी कपडे जाळतात ते का? जाळलेलं पोचतं म्हणूनच ना. इतकी वर्षं मी या नाक्यावर काढून घेतलेली सफरचंदं, मक्याची कणसं, औषधी पाला त्या भट्टीकडे जाताना बघतेय. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

आजीने गाठोडं सोडलं. टेबलावरच सोडलं. पाण्याची बाटली काढली, डेंगळ्याचा खालचा, कापलेला भाग वर धरला आणि पोकळीत पाणी ओतायला लागली. थोडं हातावरून सांडलं. मग घागऱ्याच्या उसवलेल्या काठातून दोरा ओढून काढला आणि चिंधीचा बोळा तोंडाला बसवून दोऱ्याने आवळून बांधलं.

"हे काय करताय?" टेबलामागची बाई म्हणाली.

"आमच्या झऱ्याचं पाणी आहे," आजी म्हणाली. "पाण्याला बंदी आहे का?"

बाईने चोकेकडे बघितलं. चोके पाण्याच्या बाटलीकडे बघत होता.

"आणि हे कधी जाळता?"

"संध्याकाळी. दिवसाचं सगळं एकदम."

"संध्याकाळी नको," आजी म्हणाली, जणू दुकानात माप कमी घालणाऱ्याला सांगतेय. "संध्याकाळपर्यंत तो काय करील? तो बाराला येतो. बाराला जाळा."

"आजी, हे टपाल ऑफिस नाही."

"नसेल. पण रस्ता तर तुम्हीच अडवलाय ना?"

यावर कोणी हसलं नाही. तिने डेंगळ्याच्या गोंड्याजवळ तोंड नेलं, "वेन्सेस" असं एकदा म्हणाली, आणि तो चोकेच्या हातात दिला. त्याने तो घेतला. दुसऱ्या हातातल्या काळ्या पिशवीत सफरचंदं आणि कुणाच्या तरी चीजचा गोळा होता. डेंगळा त्याने त्या पिशवीत घातला नाही, पण तेवढंच. चेहरा तसाच, दगडासारखा. त्याने मेरेताची बॅग उघडली, बंद केली. आजीच्या पावाच्या बाहुलीला हात लावला, ती पुढे सरकवली. "पुढचा," तो म्हणाला.

आम्ही बाहेर पडलो. आजीला मी दंडाला धरून चालवत होते. ती मागे वळून बघत होती आणि मला वाईट वाटत होतं, सरळ सांगते, रडू येत होतं. तो संध्याकाळीच जाळणार होता. का नाही जाळणार? नोकरी आहे त्याची. खाली पोचायलाही आता त्यांचे बारा हुकणारच होते.

शेडच्या दारापाशी आलो तेव्हा मागून आवाज आला.

"आजी."

चोके रांगेतल्या एका माणसाचा फॉर्म वाचत होता. मान त्याने वर केली नव्हती. डेंगळा त्याच्या काखेत होता.

"कुठले बारा?" त्याने विचारलं. "तुमचे की आमचे?"

आजीने माझ्याकडे बघितलं. मी मनात हिशेब केला. त्यांचे बारा म्हणजे आपण अजून घाटात. आमचे बारा म्हणजे कदाचित आसापाच्या फाट्यावर. पण तिने माझ्या हिशेबाची वाट बघितली नाही.

"आमचे," ती म्हणाली. "घड्याळ पुढे करायचं त्याला कधी जमलंच नाही. कामावर रोज उशिरा जायचा, तिथले लोक सांगत होते."

चोकेने मान हलवली आणि फॉर्मवर शिक्का मारला.

घाटात प्रिमितिवोने गाडी अशी पळवली की दोघांनी पिशव्या मागितल्या. मी त्याला एकदाही हळू चालव म्हटलं नाही. मेरेता आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. मी माझं घड्याळ पुढे केलं नव्हतं. काटे एकावर एक आले तेव्हा आम्ही आसापाच्या फाट्यावर होतो, मी बसचं दार उघडत होते. बाहेर भाजणारं ऊन आणि नुसती वाळू.

आजीने पायरीवरूनच वर डोंगराकडे बघितलं. तिथून नाका दिसत नाही, धूर तर नाहीच नाही. तिने बाहुलीवरचं कापड बाजूला केलं, पावातला तो रंगवलेला चेहरा उन्हात धरला आणि म्हणाली, "चल. पाणी मिळालंय तुला. आता जेवायला चल."